बाईंचा कागद

आज बोलायचंय ते शाळेतल्या बाईंविषयी. त्यांच्या शिकवण्याबद्दल कमी, आणि घरच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या त्यांच्या कागदांबद्दल जास्त. डी.एड.चं प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश, जातवैधतेचा दाखला, लग्नानंतर नाव बदलल्याचं राजपत्र. घराला आग लागली तर आधी मुलं आणि मग ही पिशवी बाहेर काढणाऱ्या बाई मला माहीत आहेत.

आणि सध्या ही पिशवी बऱ्याच घरांत पुन्हा उघडली गेलीय. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण असावंच लागेल. वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी पोरांना बाराखडी शिकवली, त्या बाई रात्री भांडी आवरून पुन्हा बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडून बसतात. “एवढी वर्षं शिकवलं ते काय फुकट?” असं त्या विचारतात. प्रश्न खरा आहे, पण तो नवा नाही. आपल्याकडे शिक्षकाची पात्रता ही एकदा मिळवली आणि जन्माची झाली, असं फारसं कधी घडलेलंच नाही. आणि बायकांच्या बाबतीत तर नाहीच नाही.

इंग्रजांच्या आधी गावचा पंतोजी होता. त्याच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. गावाला तो पटला, तर धान्य, शिधा, सणावाराला दक्षिणा मिळायची. नाही पटला, तर पोरं यायची बंद व्हायची. १८२० नंतर मुंबईत सरकारच्या आश्रयाने एतद्देशीयांच्या शिक्षणाची मंडळी उभी राहिली. त्यांनी कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली चोवीस मास्तर तयार केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले. आपल्या भागातले शिकवून तयार केलेले हे पहिले मास्तर म्हणायला हरकत नाही. पुढे १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, तो ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला होता. या सगळ्यांत बाई एकही नाही.

मग सावित्रीबाई. शेण आणि चिखलाचे गोळे, पिशवीत घेतलेलं दुसरं लुगडं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण एक गोष्ट आपण सांगायची विसरतो. त्या नुसत्या धीराच्या बाई नव्हत्या, शिकून तयार झालेल्या शिक्षिका होत्या. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फरार बाईंकडे आणि पुण्याला मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं. नॉर्मल स्कूल म्हणजे तेव्हाचं अध्यापक विद्यालय. मला वाटतं, शेणाच्या गोळ्यांइतकंच या नॉर्मल स्कूलचंही नाव तीन जानेवारीच्या भाषणांत यायला हवं. बाईने शिकवायचं तर आधी शिकवायला शिकायचं, हे त्या काळात त्यांनी आणि जोतीरावांनी ओळखलं होतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्यात सरकारने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची, शिष्यवृत्तीची आणि प्रमाणपत्राची गोष्ट मांडली. कागद आला तो इथून. पण बायकांसाठी सरकारी सोय व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. मेरी कार्पेंटर नावाच्या इंग्रज बाई १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या. त्यांनी मुलींच्या शाळा पाहिल्या आणि सरकारमागे एकच धोशा लावला, की मुलींना शिकवायला बाया नाहीत, तर आधी बाया तयार करा. त्यानंतर १८७० च्या सुमारास पुण्यात स्त्रियांचं ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं.

आता विचार करा, तिथे शिकायला येणार कोण? मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी. सासुरवाशीण एकटी पुण्याला येऊन राहणार कशी? म्हणजे दोनच दारं उरली. एक, मास्तरांची बायको. आणि दुसरी, विधवा.

हे मी मनाने सांगत नाही. १८८२ मध्ये हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याच्या शिफारशींत हे आहे. मास्तरांच्या बायकांना शिक्षिका होण्यासाठी उत्तेजन द्यावं, योग्य असेल तिथे विधवांना या कामासाठी तयार करावं, आणि त्यांची नेमणूक होईल तिथे त्यांच्या संरक्षणाची नीट व्यवस्था असावी. शेवटच्या वाक्यातला तो ‘संरक्षण’ शब्द वाचताना मी थबकले. म्हणजे सरकारलाही ठाऊक होतं, की या बाईच्या नोकरीला धोका आहे तो गणित येत नाही म्हणून नाही.

याच आयोगापुढे आपल्या दोन माणसांनी म्हणणं मांडलं. जोतीराव फुल्यांनी सांगितलं, की प्राथमिक शाळेतले मास्तर शक्यतो शेतकरी समाजातून तयार करावेत, जे नांगराला हात लावायला लाजणार नाहीत. ते परीक्षा पास झालेले, प्रमाणपत्र असलेले असावेत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. कागदाबरोबर पोट भरेल एवढा पगार, या दोन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. पुढच्या सव्वाशे वर्षांत कागदाच्या अटी वाढत गेल्या आणि पगाराची आठवण मात्र सरकारला दरवेळी करून द्यावी लागली. २००० साली आलेली शिक्षणसेवक योजना आठवा. तोच कागद, तेच काम, आणि तीन वर्षं तुटपुंजं मानधन.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. तेव्हा त्या अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या, नवरा नुकताच गेलेला, पदरी लहानगी मनोरमा. त्यांनी आयोगाला सांगितलं, की शिक्षिकांना रीतसर तयार करा आणि मुलींच्या शाळा तपासायला बायकांनाच नेमा. त्याचं कारणही दिलं. शिकलेले पुरुषही बहुतेक स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, बाईची राईएवढी चूक दिसली तर तिचा पर्वत करतात आणि तिची अब्रू घालवायला बघतात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय.

मैत्रिणींनो, शिक्षिकेची पात्रता कशाने धोक्यात येते, याचं इतकं थेट उत्तर त्याआधी सरकारदरबारी कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. तपासणीला येणारा साहेब पुरुष, गावचे पंच पुरुष, शेरा लिहिणारा पुरुष. बाईने कुणाशी बोलावं, कोणत्या घरात राहावं, संध्याकाळी कुठे जावं, हे सगळं तिच्या शेऱ्यात यायचं. चारित्र्याचा दाखला पुरुष मास्तरांनाही लागायचा, पण त्यांच्या दाखल्यावर गावाच्या पारावर चर्चा होत नव्हती.

तरीही बाया या दाराने आत आल्याच. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथेही शिक्षिका तयार करायचं कॉलेज निघालं. केस काढलेल्या, लाल आलवणातल्या किती मुली तिथून ‘बाई’ होऊन बाहेर पडल्या! घरात त्यांना पानाच्या पंक्तीत जागा नव्हती, पण त्या कागदामुळे हजेरीपटावर सही होती आणि महिन्याच्या महिन्याला पगार होता. मला त्या कागदाची खरी किंमत तिथे दिसते. अनुताई वाघांचं उदाहरण घ्या. तेराव्या वर्षी वैधव्य. मग फायनलची परीक्षा, मग पुण्यात शिक्षिकेचं ट्रेनिंग, मग खेड्यातली नोकरी. पुढे नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक. ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डी-कोसबाडला गेल्या आणि अंगणवाडी हा शब्द घराघरात गेला, ते सगळं यानंतरचं.

फायनल म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवी. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी हा शब्द असायचा, “ती फायनल झालेली आहे हो!” फायनल झाली की शाळेत लागता यायचं, पण अनट्रेंड म्हणून. मग स्कूल बोर्ड ट्रेनिंगला पाठवायचं, स्टायपेंड द्यायचं, आणि परत आल्यावर ट्रेंड म्हणून पगार वाढायचा. एक वर्ष केलं की पहिल्या वर्षाची, दोन केली की दुसऱ्या वर्षाची, असा दर्जा चढत जायचा. पुढे त्याचं पी.टी.सी. झालं, ज्युनियर आणि सीनियर. मग डी.एड. आलं. मग डी.एड.चं डी.एल.एड. झालं. नाव बदललं की आधीच्या कागदाला ‘समकक्ष’ ठरवण्याचा शासन निर्णय शोधत फिरायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. जुनी माणसं कार्यालयात जाऊन नवीन पोराला समजावतात, की बाबा रे, सीनियर पी.टी.सी. म्हणजे काय होतं.

खासगी शाळांचा इतिहास थोडा वेगळा. तिथे संस्थाचालकाच्या मनात आलं की बाईला उद्यापासून येऊ नका म्हणायची सोय होती. १९७७ मध्ये महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा झाला आणि १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. पात्रता काय असावी, दोन वर्षांचा परिवीक्षा काळ कसा मोजायचा, काढून टाकायचं तर चौकशी कशी करायची, हे सगळं लिहून ठेवलं गेलं. आणि अन्याय झाला तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येऊ लागलं. हे तीस दिवस लक्षात ठेवा. आधी संस्थेचे अध्यक्ष भेटतील का, मग भावजी मध्यस्थी करतील का, असं बघण्यात महिना निघून जातो.

या नियमावलीत एक बारीकशी गोष्ट आहे, ती बायकांना फार लागली. ज्येष्ठता. माध्यमिक शाळेत बाई पदवीधर आहे पण बी.एड. नाही, तर ती प्रशिक्षित पदवीधरांच्या गटात येते बी.एड. झाल्यापासून, शाळेत लागल्यापासून नाही. वाचायला सरळ वाटतं. आता घरी बसवून बघा. बाई आधी शाळेत लागली. मग लग्न, पहिलं बाळंतपण, सासूचं आजारपण. बी.एड. पाच वर्षं पुढे गेलं. मधल्या काळात बी.एड. झालेले सर तिच्यानंतर लागले आणि यादीत तिच्या वर जाऊन बसले. वीस वर्षांनी मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी होते तेव्हा हिशेब निघतो तो त्या पाच वर्षांचा. नियमात कुठेही स्त्री-पुरुष असा शब्द नाही, आणि तरी तो कुणाला जास्त लागला हे तुम्हाला सांगायची गरज नाही. हे वाद कोर्टांत वर्षानुवर्षं चालले आहेत.

मधेच संगणक आला. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरांनी ३१ डिसेंबर २००७ पर्यंत एमएस-सीआयटी करायचं, नाहीतर वेतनवाढ बंद. ज्या खेड्यात दिवसाचे आठ तास वीज नव्हती तिथल्या बाईही तालुक्याला जाऊन माऊस धरायला शिकल्या. ज्यांचा दाखला उशिराचा निघाला त्यांच्याकडून मागाहून वसुली निघाली.

वस्तीशाळेच्या बाई आठवतात? डोंगरातल्या पाड्यावर, धनगरवाड्यावर, ऊसतोडीच्या वस्तीवर, जिथे शाळा नव्हती तिथे गावातलीच शिकलेली मुलगी अगदी थोड्या मानधनावर शिकवायची. कागदाच्या भाषेत त्या शिक्षिका नव्हत्याच, ‘स्वयंसेवक’ होत्या. नोकरीत राहून त्यांनी डी.एड. केलं, आंदोलनं केली आणि २०१४ मध्ये त्यांना नियमित सेवेत घेतलं गेलं. आधीची सगळी वर्षं मात्र पोरांच्या अक्षरात राहिली, सेवापुस्तिकेत आली नाहीत.

आता टीईटीकडे येऊ. २००९ मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ मध्ये लिहिलंय, की शिक्षकाची किमान पात्रता केंद्राने नेमलेली संस्था ठरवेल. त्या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, २३ ऑगस्ट २०१० रोजी टीईटी सक्तीची केली. महाराष्ट्रात २०१३ च्या फेब्रुवारीत शासन निर्णय निघाला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पहिली परीक्षा झाली. प्रमाणपत्र आधी सात वर्षांसाठीच होतं. सात वर्षांत नोकरी लागली नाही तर पुन्हा परीक्षा. २०२१ मध्ये ते कायमचं झालं.

परीक्षा असण्याला माझा विरोध नाही. आपलं पोर ज्यांच्या हाती देतो त्यांना भागाकार नीट यायला हवा, हे कुठल्याही आईला पटेल. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुणे पोलिसांनी उघडकीला आणलं, की २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन नापासांना पास केलं गेलं. पुढच्या वर्षी परीक्षा परिषदेने ७ हजार ८८० उमेदवारांवर कारवाई केली आणि त्यांना पुढच्या परीक्षांनाही बंदी घातली. त्यांतले काही जण नोकरीलाही लागले होते. इतके दिवस कागद नाही म्हणून नोकरी जायची भीती होती, आता विकत घेतलेल्या कागदाने ती जायला लागली. आणि त्या जागेवर जी प्रामाणिकपणे दोन गुणांनी मागे राहिली, ती मुलगी आज कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहीत असेल. तिची भरपाई कोणीच करत नाही.

आणि मग तो २०२५ चा निकाल. महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून वर गेलेली ही प्रकरणं. तो समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर त्याचं काहीच्या काही फिरतंय. कायद्याच्या आधी लागलेल्या ज्या शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे, त्यांनी निकालापासून दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. नाही झाले तर सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त व्हावं लागेल. नियमाप्रमाणे सेवा भरली असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली आहे, त्या परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे.

दोन वर्षं म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. डॉक्टरांना आपल्या राज्यात दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, पण त्यासाठी कुणी त्यांना पुन्हा एमबीबीएसच्या परीक्षेला बसवत नाही. प्रशिक्षणं, परिषदा यांचे गुण मोजतात. शिक्षकांसाठी नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळवायलाही प्रशिक्षण लागतंच. हे सगळं घेतलेल्या बाईचं ज्ञान जुनं झालंय असं मानायचं, तर मग त्या प्रशिक्षणांचा उपयोग काय होता? हा प्रश्न मी इथे उघडाच ठेवते.

परीक्षेशिवाय नोकरी कशाने जाऊ शकते, तेही बघू. मुलाला मारणं किंवा घालूनपाडून बोलणं, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शिस्तभंग आहे. ‘छडी लागे छमछम’चे दिवस कायद्याने संपले. कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, अगदी घरच्या ओटीवरसुद्धा. खोटा दाखला, जातवैधता वेळेत सादर न करणं, परवानगीशिवाय लांबलचक रजा, हीही कारणं. रजेचं विशेष सांगते, कारण बाळंतपण किंवा आईचं आजारपण या वेळी रजेचा अर्ज तोंडी होतो आणि चौकशीत तोंडी गोष्टीला वजन नसतं. अर्ज लिहून द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

ज्या परीक्षेला बसणार आहेत त्यांच्यासाठी शेवटचं. पहिली ते पाचवीला शिकवत असाल तर पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. दोन्ही १५० गुणांचे, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव गटांना ५५ टक्के. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. अर्ज भरताना माहेरचं नाव, सासरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या, नसेल जुळत तर राजपत्र आत्ताच काढा. आणि सेवापुस्तिकेची दुय्यम प्रत आपल्याकडे ठेवता येते, ती मागून घ्या. मूळ पुस्तिका वर्षातून एकदा कार्यालयात जाऊन पाहा. पास झालेल्या प्रत्येक परीक्षेची नोंद तिथे आहे का, खाली अधिकाऱ्याची सही आहे का, तारीख बरोबर आहे का, एवढं डोळ्यांनी बघून या.